एक जव जास्त

१ सप्टेंबर, सोमवार

दुकान बंद करण्याची धमकी आली, आणि तीही अशुद्ध भाषेत!

दुपारी सूनबाईंनी मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. 'प्रिय विक्रेता, आपले परतावा दर उच्च आहे.' मी म्हणालो, "दर पुल्लिंगी आहे. आपला दर." सूनबाई म्हणाल्या, "बाबा, लिंग राहू दे. पुढचं वाचा."

पुढचे वाचले. ज्या संकेतस्थळावर आम्ही दीड वर्षापासून बूट-चपला विकतो, त्याला मी महाबाजार म्हणतो. त्याचे खरे नाव उच्चारताना माझी कवळी निसटते. तर या महाबाजाराचे म्हणणे असे, की आमच्याकडून गेलेल्या शंभर जोडांपैकी चौतीस परत येतात. ऑक्टोबर महिन्यात हे प्रमाण शंभरी पंधराच्या आत आले नाही, तर आमचे दुकान तेथून कायमचे काढून टाकण्यात येईल.

'काढून टाकण्यात येईल.' कोण काढणार, ते लिहिलेले नाही. अशा वाक्यांत कर्ता नेहमी पलंगाखाली लपून बसतो.

गंमत बाजूला. खालच्या दुकानाचा उंबरा आता दिवसाकाठी तीन माणसे चढतात, त्यांतली दोन पत्ता विचारायला. दुकान तगले आहे ते सूनबाईंच्या या ऑनलाइन खटाटोपावर. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतली कायमची नोकरी सोडली. चिरंजीव जहाजावर असतात, सहा महिने समुद्र आणि दोन महिने घर. त्यांना विचारण्यात अर्थ नाही. महाबाजाराने दार लावले, तर खालचे शटरही उतरणार. माझ्या वडिलांनी उघडलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे दुकान.

ही म्हणाली, "अहो, भात निवतोय. दुकान आज बंद होत नाहीये." आमच्या घरात तर्कशास्त्र स्वयंपाकघरातून चालते.

२ सप्टेंबर, मंगळवार

परताव्याची कारणे वाचली. सर्व! चष्मा दोनदा पुसावा लागला.

घट्ट. सैल. घट्ट. 'एक पाय बसतो, दुसरा बसत नाही.' 'फोटोत चकाकत होते, घरी चकाकत नाहीत.' 'बूट उत्तम, पण बायकोला आवडले नाहीत.' एकाने पाचपैकी एक तारा दिला आहे. कारण: 'पार्सल आले तेव्हा मी घरी नव्हतो.' यात बुटाचा काय अपराध?

काही जण एकाच बुटाचे सात, आठ आणि नऊ असे तीन क्रमांक मागवतात आणि दोन परत करतात. सूनबाई म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं, बाबा? त्यांना घालून कुठे बघता येतं?"

खरे आहे. आठ क्रमांक म्हणजे काय? ज्याचा त्याचा आठ वेगळा. पाय काही कारखान्यात तयार होत नाहीत.

६ सप्टेंबर, शनिवार

आज दुकानात गिऱ्हाईक! समोरच्या पिवळ्या इमारतीत नुकतेच राहायला आलेले गृहस्थ. चार जोड घालून पाहिले. तपकिरी जोड पायात घालून आरशापुढे दोन फेऱ्या मारल्या, टाचेवर उड्या मारल्या. मी म्हणालो, "आपल्या पायाला हाच जोड योग्य." ते म्हणाले, "हो ना? मस्तच आहे!" मग बुटाच्या जिभेखालच्या चिठ्ठीचा फोटो काढला आणि म्हणाले, "काका, विचार करून सांगतो."

विचार करायला फोटो कशाला लागतो?

मौनी कोपऱ्यात बसून हे सर्व पाहत होता. मौनी म्हणजे आमचा कारागीर. चाळीस वर्षे दुकानात आहे आणि त्या काळात एकूण चाळीस वाक्ये बोलला असेल. त्याने फक्त भुवई उचलली. त्याची भुवई मला परिच्छेदासारखी वाचता येते.

९ सप्टेंबर, मंगळवार

हसून हसून पोट दुखले. लिहिताना अक्षर हलत आहे, क्षमस्व.

सकाळी महाबाजारावरून मागणी आली. तपकिरी जोड, क्रमांक आठ. पत्ता: समोरची पिवळी इमारत! त्या गृहस्थांना वाटले, दुकानापेक्षा मोबाइलवर स्वस्त मिळेल. मिळाले! विकणारेही आम्हीच!

मी म्हणालो, "सूनबाई, मी रस्ता ओलांडून देऊन येतो." सूनबाई म्हणाल्या, "चालायचं नाही, बाबा. पार्सल त्यांच्याच माणसाकडून जायला हवं." मग झुळूक आली. झुळूक म्हणजे पार्सल नेणारा तरुण. येतो कधी, जातो कधी, कळत नाही, फक्त कागद उडतात. त्याने पत्ता वाचला, समोर पाहिले, माझ्याकडे पाहिले. "काका, हे तर ते घर!"

"होय."

"मग हे आधी गोदामात जाणार. सत्तर किलोमीटर. आणि शुक्रवारी परत इथे."

"होय."

"जग वेडं झालंय, काका. सही करा."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तपकिरी जोड एकशे चाळीस किलोमीटरांचा प्रवास करून समोर पोहोचला. गृहस्थ गच्चीतून हात हलवून म्हणाले, "काका, सेम टू सेम मिळाला, आणि स्वस्त!" मी हात जोडले. परत येणार नाही, हे निश्चित. घालून पाहिलेला बूट परत येत नाही.

घालून पाहिलेला बूट परत येत नाही! हे वाक्य लिहून मी त्याखाली दोनदा रेघ ओढली.

१७ सप्टेंबर, बुधवार

माळ्यावरून पायांच्या वह्या खाली काढल्या. माझ्या वडिलांची पद्धत अशी: गिऱ्हाईक आले, की प्रथम कागदावर उभे करायचे, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ ओढायची, खाली नाव आणि तारीख. मग त्या रेघेवरून जोड निवडायचा. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने स्वतः यायचीही आवश्यकता नाही. निरोप पाठवला तरी पुरे. सत्तावीस वह्या आहेत. निम्मे गाव त्यांत उभे आहे.

सूनबाईंपुढे वही उघडून ठेवली. "गिऱ्हाईक येऊ शकत नसेल, तर त्याचा पाय येऊ द्या."

"म्हणजे?"

"घरी कागदावर रेघ ओढायची. शेजारी मोजपट्टी ठेवायची. फोटो काढायचा. पाठवायचा. क्रमांक आपण ठरवायचा."

"बाबा, लोक अंगठ्याने बटण दाबून मोकळे होतात. पाय कोण काढत बसणार?"

ही आतून म्हणाली, "काढतील गं. आपल्या पायाचं कोणी विचारलं, की माणूस खूश होतो. यांनी आजवर माझ्या पायाला विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी."

अडुसष्टाव्या वर्षी बायकोचा पाय कागदावर उमटवला. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे. सत्तेचाळीस वर्षे मला हे ठाऊक नव्हते! अडुसष्टावे वर्ष तिचे, माझे नव्हे; माझे एक्क्याऐंशी. वाक्य संदिग्ध झाले, म्हणून हा खुलासा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सूचनापत्रक लिहिले. चौदा कलमे. सूनबाईंनी तीन ठेवली:

पाय संध्याकाळी काढावा, कारण दिवसभरात तो फुगतो. उभे राहून काढावा, बसून नव्हे. पेन्सिल सरळ धरावी.

अकरा कलमे केरात! परंतु बुटांची वर्णने मात्र सर्व माझी राहिली. पूर्वीची वर्णने यंत्राने लिहिलेली होती: 'हा शूज तुमच्या पायाला मिठी मारते.' मी लिहिले: 'हा बूट पहिले तीन दिवस टाचेला त्रास देईल. चौथ्या दिवसापासून आपण त्याला विसराल.' सूनबाई म्हणाल्या, "दोष सांगून कोणी विकतं का?" मी म्हणालो, "दोष सांगितला, की तो परत करण्याचे कारण उरत नाही." त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही उगाच म्हातारे झालात."

२४ सप्टेंबर, बुधवार

पाय आले! एकाच दिवसात नऊ!

एका बाईंनी दोन्ही डावे पाय पाठवले आहेत; बहुधा एकाच पायाभोवती दोनदा रेघ ओढली. एका गृहस्थांनी गंमत म्हणून मांजराचा पंजा काढला आहे आणि खाली विचारले आहे, 'यात काही आहे का?' मी उत्तर दिले, 'चार नग घ्यावे लागतील.' एका आजोबांचा पाय नातीने रंगीत खडूंनी काढला आहे. नखे लाल, घोट्याला फुलपाखरू. तो मी भिंतीवर लावला.

सूनबाई दर अर्ध्या तासाने ओरडतात, "बाबा, पाय!" आणि मी चष्मा शोधतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

कसोटीचा महिना सुरू झाला.

रोज सहा-सात पाय पाहतो. पन्नास वर्षे दुकानात बसून जेवढी माणसे ओळखली नाहीत, तेवढी आता रेघांवरून ओळखू लागलो आहे. ज्याचा चवडा रुंद आणि टाच पसरलेली, तो उभ्याने काम करतो. जिचा अंगठा आत वळलेला, तिने तरुणपणी टोकदार बूट घातले आणि आता पश्चात्ताप होत आहे. एकाची रेघ पाचही बोटांपाशी थरथरली आहे; तो वाकून स्वतःच रेघ ओढत होता, घरात दुसरे कोणी नसावे. त्याला मी मऊ जीभ असलेला जोड निवडला आणि नाडीऐवजी पट्टा, म्हणजे वाकणे कमी.

पट्टी लावायची, बोट ठेवायचे, क्रमांक लिहायचा. हात आपोआप चालतो. किती सुख आहे आपोआप चालणाऱ्या हातात!

४ ऑक्टोबर, शनिवार

एकही परत नाही. सूनबाई शिट्टी वाजवत जिना चढल्या. ही म्हणाली, "सून शिट्टी वाजवते आणि सासरा ऐकून टाळ्या वाजवतो. छान चाललंय."

८ ऑक्टोबर, बुधवार

सैल.

सकाळी तीन जोड परत आले. तिघांचेही पाय आम्ही मागवले होते, तिघांनाही क्रमांक मीच दिला होता. तिघांचे कारण एकच: सैल. दुपारी आणखी दोन तक्रारी.

मी कागद पुन्हा काढले. पट्टी लावली. माप बरोबर. पुन्हा लावली. बरोबर! मग चूक कोठे? सूनबाई महाबाजाराच्या पानावर आकडा पाहत होत्या.

मौनी उठला. माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी एक पाय मोजला, त्याने पाहिले. दुसरा मोजला, पाहिले. मग म्हणाला,

"जव दोनदा घातलात."

आणि जाऊन बसला.

मी पट्टी खाली ठेवली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल पुढे लिहवले नाही. आज लिहितो, कारण चूक लिहून ठेवावी. न लिहिलेली चूक वाढत जाते.

वडिलांनी शिकवले होते: गिऱ्हाईक सकाळी येते, पाय तेव्हा बारीक असतो, संध्याकाळी तो फुगतो. म्हणून मापात जवाच्या दाण्याएवढी जागा अधिक धरावी. मी पन्नास वर्षे तो एक जव मिळवत आलो. मनात नव्हे, बोटातच! पट्टीवर बोट ठेवताना ते आपोआप एक जव पुढे सरकते.

आणि या वेळी मी स्वतःच लोकांना सांगितले, की पाय संध्याकाळी काढा. म्हणजे जव त्यांच्या पायातच होता. वर मी माझा घातला.

ज्या आपोआप चालणाऱ्या हाताचे मी परवा कौतुक लिहिले, त्यानेच घात केला.

परत आलेले सोडून असे बावीस जोड अजून लोकांकडे आहेत. सूनबाईंनी हिशेब मांडला: बावीसही परत आले, तर इतर परताव्यांसह प्रमाण शंभरी पंचवीस होते. दुकान गेले. मी म्हणालो, "सूनबाई, हा दोष माझा आहे." त्या म्हणाल्या, "बाबा, तुमचा दोष शोधायला मला वेळ नाही. उपाय सांगा."

माझ्या पिढीत कोणी सासऱ्याला असे बोलले असते, तर भांडे आपटले असते. मला मात्र एकदम बरे वाटले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उपाय सुचला, तोही हिला!

मी पहाटे उठून बसलो होतो. ही म्हणाली, "अहो, जागा जास्त झालीय ना? मग भरा की. मी नाही का पातेल्याचं झाकण सैल झालं, की खाली फडकं घालत?"

सुखतळा! बुटाच्या आत तळव्याखाली घालायचे पातळ चामडे! एका जवाच्या जाडीचा सुखतळा घातला, की बूट बरोबर बसतो. आणि आमच्याकडे प्रत्येकाच्या पायाची रेघ आहे. त्या रेघेवरूनच कापायचा, म्हणजे तो त्याच पायाचा, दुसऱ्या कोणाचा नाही. बुटात सरकणार नाही, दुमडणार नाही.

"झाकणाखालचं फडकं," असे मी मौनीला सांगितले. तो हसला! त्याच्या वरच्या दोन दाढा सोन्याच्या आहेत, हे मला आज कळले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस दुकानात चामड्याचा वास आणि कात्रीचा आवाज. मौनी कापतो, मी कडा घासतो, सूनबाई पाकिटे करतात, ही सर्वांना चहा देते आणि टोमणे मारते. बावीस माणसांचे चव्वेचाळीस तळवे टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा एखादी अदृश्य मिरवणूक दुकानातून चालली आहे, असे वाटले.

महाबाजारात 'सुटा भाग विनामूल्य' पाठवण्याची सोय आहे. सूनबाईंनी त्यातून पाकिटे पाठवली. झुळूक म्हणाली (तो पुरुष आहे, परंतु टोपणनाव स्त्रीलिंगी असल्यामुळे क्रियापद तसेच चालवावे लागते), "काका, आज पार्सलं हलकी! हवा विकायला लागलात काय?"

पाकिटे बंद होण्यापूर्वी मी प्रत्येकात एक पत्र घातले. हाताने लिहिलेले. सूनबाईंना सांगितले नाही. त्या घाईत होत्या, आणि यात सांगण्यासारखे काय आहे? पत्राविना वस्तू पाठवणे म्हणजे न बोलता कोणाच्या घरात शिरणे.

'सप्रेम नमस्कार. आपल्या बुटात जी सैलता आढळेल, ती आपल्या पायाची नव्हे, माझ्या बोटाची चूक आहे. मी एक्क्याऐंशी वर्षांचा असून जुन्या सवयीने एक जव अधिक धरला. सोबतचे सुखतळे आपल्याच पायावरून कापले आहेत. ते घालून दहा पावले चालून पाहावे. तरीही न जमल्यास बूट अवश्य परत करावेत. राग धरणार नाही. कळावे.'

खाली संपूर्ण पत्ता आणि दूरध्वनी. पत्त्याविना पत्र म्हणजे निनावी पत्र. तसली पत्रे सभ्य माणूस पाठवत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काही नाही. वाट पाहणे.

नव्या पायांना जव घालत नाही. बोट सरकू लागले, की मौनी कोपऱ्यातून खाकरतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

टपाल आले! खरे टपाल, पाकिटे, तिकिटे! टपालवाला म्हणाला, "इतक्या वर्षांत तुम्हाला फक्त बिलंच आणून दिली. आज ही कसली?"

पाच पत्रे. एक बाई रुग्णालयात परिचारिका आहेत. लिहितात, 'दहा पावलं चालायला सांगितलंत, मी पूर्ण रात्रपाळी चालले. माझ्या तळव्यांसाठी कोणी काही कापलं, असं पहिल्यांदाच झालं.' थरथरत्या रेघेचे गृहस्थ लिहितात, 'बूट ठेवत आहे. माफी कशाची? आमच्या वयात बोटाने ऐकलं, हेच नवल.' तिसऱ्याला आणखी एक जोड हवा आहे, वडिलांसाठी. सोबत वडिलांचा पाय! चौथ्या पत्रात नुसता पाय आहे, मजकूर नाही. पाचव्याने 'सैलता' हा शब्द फार वर्षांनी वाचला म्हणून आभार मानले आहेत. विद्वान मनुष्य!

मी पत्रे मोठ्याने वाचत होतो. सूनबाई धावत आल्या. "यांना आपला पत्ता कुठून मिळाला?"

"पत्रावरून."

"कुठल्या पत्रावरून?"

सांगितले.

सूनबाई खुर्चीवर बसल्या. "बाबा, नियम क्रमांक बेचाळीस. ग्राहकाला परस्पर पत्ता, फोन काहीही द्यायचं नाही. कळलं, तर परतावा कितीही कमी असू दे, दुकान थेट बंद."

मी म्हणालो, "सौजन्याविरुद्ध नियम?"

"हो! सौजन्याविरुद्ध!" त्या रागावल्या होत्या. मग परिचारिकेचे पत्र उचलले. वाचले. पुन्हा वाचले. "...पूर्ण रात्रपाळी," असे पुटपुटल्या. डोळे पुसले आणि पत्र स्वतःच्या वहीत ठेवले. जाताना म्हणाल्या, "यापुढे एकही पत्र नाही. शपथ घ्या."

शपथ घेतली. वडिलांच्या जोडासाठी आलेल्या मागणीला पत्राने नकार कळवावा लागला: महाबाजारातूनच मागवावे. ते पत्र शपथेत मोजले जाते का, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बावीसपैकी अठरा जणांनी बूट ठेवले!

चौघांनी परत केले. त्यांतल्या एकाने लिहिले आहे: 'बूट छान, सुखतळे छान. रंग आवडला नाही. सुखतळे ठेवून घेतो.' घेऊ दे. पाय त्याचाच आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सायंकाळी सहा वाजता महिना मोजून झाला.

एकशे चाळीस जोड गेले. सतरा परत आले. शंभरी बारा!

सूनबाईंनी आकडा पाहिला आणि एकदम किंचाळल्या. समोरच्या पिवळ्या इमारतीतले तपकिरी-बूटवाले गृहस्थ गच्चीत आले, "काका, सगळं ठीक ना?" ही खिडकीतून म्हणाली, "ठीक! आमचं दुकान पास झालं!" ते म्हणाले, "अरे वा! कुठलं दुकान?" आपले बूट आमच्याच दुकानातले, हे त्यांना अजून कळलेले नाही! आम्ही तिघे खिडकीखाली बसून हसलो. मौनीसुद्धा. त्याच्या दाढा आज दुसऱ्यांदा दिसल्या.

महाबाजाराचे अभिनंदनपत्र आले: 'आपली परतावा दर सुधारले आहेत.' एका वाक्यात लिंग आणि वचन दोन्ही गारद! परंतु आज मी काहीही दुरुस्त करणार नाही. सूनबाईंनी माझ्या पायांना हात लावला. मी संकोचलो. त्या म्हणाल्या, "नमस्कार नाही, बाबा. कागदावर उभे राहा. पंचवीस वर्षं तेच बूट घालताय."

पाय काढला. संध्याकाळी, उभे राहून, पेन्सिल सरळ धरून. सूनबाईंनी मापले. जव घातला नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

नवे बूट. पहिला दिवस. टाच लागते आहे. वर्णन अचूक होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दहा वाजता महाबाजाराने आमचे दुकान काढून टाकले. नियम क्रमांक बेचाळीस. तक्रार कोणीही केली नाही. परिचारिकाबाईंनी पाच तारे दिले आणि कौतुकाने माझ्या पत्राचा फोटो खाली लावला. परवापासून नऊ हजार माणसांनी तो पाहिला, आणि शेवटी महाबाजारानेही.

मी सूनबाईंपुढे जाऊन उभा राहिलो.

त्या तो फोटो पाहत होत्या. बोटांनी मोठा करून पाहिला. मग विचारले, "बाबा, यात पत्ता पूर्ण दिसतोय ना?"

"घरक्रमांकासह. दूरध्वनीही."

"मग काढू दे त्यांना."

दूरध्वनी सकाळपासून अकरा वेळा वाजला आहे. हे मी उभ्यानेच लिहीत आहे, बारावा वाजतो आहे, सूनबाईंच्या दोन्ही हातांत मागण्यांचे कागद आहेत, आणि मौनीने चक्क धावत जाऊन तो उचलला: "बोला!"